ताब्यात गेलेलं यान : वाचकांचे प्रश्न

यंदा दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या पत्रांत एकच प्रसंग वारंवार आला. दूरच्या प्रवासाला निघालेलं यान, बंदुकीच्या धाकावर त्याचा ताबा घेतलेला एकजण आणि त्याला चकवू पाहणारे यानातले लोक. यान काल्पनिक असू द्या, इंजिनाला हवं ते नाव द्या. हवा, दाब आणि गती यांना मात्र कथानक कळत नाही, म्हणून उत्तरं त्यांच्या बाजूने दिली आहेत.

प्रश्न : नायिका यानाच्या दवाखान्यात लपली आहे. दाराला आतून कडी नाही. बाहेरचा माणूस तिच्यापेक्षा तिप्पट ताकदवान आहे. ती दार कसं रोखेल? (सातारा)

हवेने. दार तिच्या बाजूला उघडणारं असेल, तर खोलीतला दाब जरासा वाढवला की काम होतं. अंतराळ स्थानकातल्या मोठ्या चौकोनी हॅचची (झडपेसारख्या दाराची) बाजू सुमारे १.२७ मीटर असते, म्हणजे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर. दोन्हीकडच्या दाबात दोन टक्क्यांचा, म्हणजे २ किलोपास्कलचा फरक पडला, तर दारावर सव्वातीनशे किलो वजनाइतका जोर बसतो. भारहीनतेत पाय रोवायला जागा नसताना एवढं ढकलणं पैलवानालाही जमत नाही.

आता हिशेब. खोली ५० घनमीटरची धरा. दोन टक्के वाढवायला १ घनमीटर हवा लागेल. १२ लिटरच्या, २०० बार (नेहमीच्या हवेच्या सुमारे दोनशेपट) दाबाने भरलेल्या टाकीत साधारण २.४ घनमीटर हवा असते, म्हणजे अर्ध्याहून कमी टाकी पुरते. टाकी आधी पट्ट्याने खांबाला बांधायला लावा. मोकळी सोडली तर तोंडातून सुटणाऱ्या झोताने ती खोलीभर धडका देत फिरेल. टाकीत शुद्ध ऑक्सिजन असेल तर खोलीतलं त्याचं प्रमाण २१ वरून साडेबावीस टक्क्यांवर जाईल, ते चालतं. सगळी टाकी रिकामी केली तर साडेचोवीसच्या वर. उद्योगांत साडेतेवीसच्या पुढे आगीचा धोका मानतात, आणि दवाखान्यात स्पिरिट असतंच.

लेखक इथे एक गोष्ट विसरतात. अशा दारांना दाब समान करायचा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि तो दोन्ही बाजूंनी फिरवता येतो. बाहेरच्याला तो ठाऊक असेल आणि त्याचं तोंड १ चौरस सेंटिमीटरचं असेल, तर सुरुवातीला सेकंदाला सहा लिटर हवा बाहेर पडेल आणि तीन-साडेतीन मिनिटांत जोर पन्नास किलोवर येईल. तेवढा तो ढकलू शकतो. टाकीतली उरलेली हवा हळूहळू सोडत राहिलं तर आणखी चार मिनिटं मिळतात. व्हॉल्व्हच्या आतल्या तोंडावर चिकटपट्टी लावली तरी भागतं, एवढासा दाब ती फाडत नाही. धातूचा चपटा तुकडा आणि त्याखाली रबर ठेवलं, तर तोच दाब ते घट्ट बसवतो.

नायिकेच्या कानात किंचित दडे बसतील. २ किलोपास्कल म्हणजे सुमारे १७० मीटर उंचीचा फरक, बोरघाटाच्या चढाचा तिसरा हिस्सा. दार जर बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल, तर हीच युक्ती उलटते. कडी सुटताक्षणी दार त्याच्या तोंडावर आदळेल. तेही कथेला चालण्यासारखं आहे म्हणा, पण मग ती लपलेली राहत नाही.

प्रश्न : अपहरणकर्ता झोपला असताना त्याच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडून त्याला बेशुद्ध करता येईल का? (नांदेड)

ही युक्ती दर दुसऱ्या कथेत येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीची असते. कार्बन डायऑक्साइड माणसाला गुपचूप झोपवत नाही, उलट जागं करतो. श्वास घ्यायची धडपड शरीर याच वायूच्या प्रमाणावरून ठरवतं. तीन टक्क्यांना डोकं दुखतं, पाचला धाप लागते. भारहीनतेत गरम हवा वर जात नसल्याने पंखा बंद पडला की झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचतो, हे खरं. पण त्यातून मिळतो तो डोकेदुखीने चिडलेला आणि हातात बंदूक असलेला माणूस. शिवाय अंतराळात राहणाऱ्याला पंख्याचा आवाज थांबला की लगेच कळतं.

नायट्रोजनचं उलट. ऑक्सिजन कमी पडला तरी गुदमरल्यासारखं वाटत नाही, उलट थोडा हुरूपच येतो. १४ ऑगस्ट २००५ रोजी लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाचं बटण हाताने चालवायच्या स्थितीत राहून गेलं होतं, त्यामुळे वर चढताना आतली हवा विरळ होत गेली. धोक्याची घंटा वाजली, वैमानिकांनी ती वेगळीच समजली आणि गोंधळातच त्यांची शुद्ध गेली. १२१ जण मेले. कथेच्या दृष्टीने अडचण प्रमाणाची आहे. ५० घनमीटरच्या खोलीत ऑक्सिजन २१ वरून १० टक्क्यांवर आणायला, आतली हवा बाहेर सोडत सोडत, ३७ घनमीटर नायट्रोजन लागतो. वरच्या मापाच्या पंधरा-सोळा टाक्या. आणि यानात हवा सगळ्यांची एकच असते, पंखे ती खोल्याखोल्यांतून फिरवत राहतात. तुमचे ओलीसही त्याच हवेवर जगताहेत.

प्रश्न : ओलीस वेगवेगळ्या खोल्यांत कोंडले आहेत. बोलायला बंदी. भिंतीवर टकटक करून मोर्स पाठवतील का? (बेळगाव)

मोर्समध्ये लांब आणि आखूड असे दोन आवाज लागतात. ठोका हा ठोकाच असतो, तो लांबवता येत नाही. व्हिएतनाममध्ये कैदेत असलेल्या अमेरिकी वैमानिकांनी म्हणूनच १९६५ पासून पाच गुणिले पाचचा चौकोन वापरला. आधी ओळीचे ठोके, मग त्या ओळीतल्या अक्षराचे. इंग्रजीची सव्वीस अक्षरं पंचवीस घरांत बसवायला त्यांना एक अक्षर गाळावं लागलं.

आपल्याकडे असा तक्ता तयारच आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, प्रत्येकात पाच. सहावी ओळ य र ल व श, सातवी ष स ह ळ. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही तक्ता पाठ करावा लागत नाही. काना-मात्रा आणि स्वर सोडून द्यायचे. ‘मागचं दार उघड’ असं पाठवायचं तर म (५,५), ग (१,३), च (२,१), द (४,३), र (६,२), घ (१,४), ड (३,३). एकूण ४३ ठोके. सेकंदाला दोन-तीन ठोके आणि मधले थांबे धरून पाऊण मिनिट.

चुका कुठे होतात? पहिली, मात्रा नसल्याने ‘मर’, ‘मार’, ‘मोर’ आणि ‘मोरी’ सगळं सारखंच ऐकू येतं. शब्द आधी ठरवून घ्या. दुसरी जास्त घातक. मराठीत नकार शेवटी येतो. ‘मारू नको’ पाठवताना ‘मारू’ झाल्यावर पहारेकरी आला आणि हात थांबला, की निरोपाचा अर्थ बरोबर उलटा होतो. म्हणून तुमच्या पात्रांनी ‘नको’ आधी ठोकायचं, क्रियापद मागून. तिसरी, आवरणाच्या पट्टीवर ठोकू नका, तिच्यामागे बहुधा आवाज शोषणारं अस्तर असतं. सांगाड्याला बोल्टने बसवलेल्या दांड्यावर ठोका.

आवाज लपवायचीही सोय आहे. त्या कैद्यांनी झाडू मारताना फटकाऱ्यांतून आणि खोकल्यातून निरोप पाठवले. स्थानकावर हवेच्या जाळ्यांवरची धूळ व्हॅक्यूम क्लीनरने काढावी लागते, आणि साफसफाईचा वार शनिवार. क्लीनर चालू-बंद करण्याला कोण हरकत घेणार? आणि तुमच्या पात्राला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘आम्ही सुखरूप आहोत’ असं वदवून घेतलं जाणार असेल, तर तिथे मोर्स चालतं. १९६६ मध्ये जेरेमाया डेंटन या अमेरिकी वैमानिकाने दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत पापण्यांची उघडझाप करून ‘छळ’ हा इंग्रजी शब्द जगाला कळवला. पापणी लांब मिटता येते, ठोका लांबवता येत नाही.

प्रश्न : गोळीने भिंतीला भोक पडलं तर सगळे बाहेर ओढले जातील ना? (पणजी)

नाही. १००० घनमीटरच्या यानाला ९ मिलिमीटरचं भोक पडलं, तर दाब निम्मा व्हायला पंधराएक तास लागतात. भोकावर तळहात ठेवला तर त्यावर साडेसहाशे ग्रॅम वजनाइतका जोर येतो. कातडी लाल होईल, बाकी काही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानाला २ मिलिमीटरचं भोक सापडलं. गळती इतकी मंद होती की जमिनीवरच्यांनी अंतराळवीरांना झोपेतून उठवलंही नाही. मग कापडाची जाळी आणि इपॉक्सी वापरून ते बुजवलं. ‘भोक पाडीन’ ही धमकी जाणकार नायकाला घाबरवत नाही. गोळी भिंतीपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतल्या उपकरणात शिरेल, ही भीती खरी.

बंदुकीच्या धक्क्याने माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला उडतो, हेही काढून टाका. ८० किलोचा माणूस सेकंदाला पाचेक सेंटिमीटरने मागे सरकेल. मात्र हात खांद्याच्या उंचीवर असल्याने तो सेकंदाला साधारण १० अंशांनी मागे कलंडत राहील, आणि कशाला तरी धरल्याशिवाय थांबणार नाही. पहिली गोळी सरळ जाईल, पाच सेकंदांनी झाडलेली दुसरी छताकडे.

प्रश्न : माझं यान स्वतःभोवती फिरून गुरुत्व निर्माण करतं. पाठलागात याचा उपयोग होईल? (पुणे)

भरपूर. यान मोठ्या चाकासारखं आहे, त्याच्या कड्याची आतली बाजू हीच जमीन आणि कड्याची त्रिज्या ५६ मीटर धरा. मिनिटाला चार फेऱ्या झाल्या की जमिनीवर पृथ्वीइतकं वजन मिळतं. जमीन स्वतः सेकंदाला साडेतेवीस मीटरने धावते आहे. माणूस त्याच दिशेने सेकंदाला ५ मीटरने पळाला तर त्याचं वजन जवळजवळ दीडपट होतं, उलट दिशेने पळाला तर दोनतृतीयांशाहूनही कमी. तुमच्या नायकाला हे माहीत आहे, तो उलटाच पळणार आणि पहिल्या उंबरठ्यावरून लांब उडी घेणार. पाठलाग करणाराही हलका होतोच, पण त्याची पावलं त्याला फसवतात.

गोळीही वाकते. १५ मीटरवर सुमारे २७ सेंटिमीटर, फिरण्याच्या दिशेला झाडली तर खाली आणि उलट दिशेला झाडली तर वर. आनंदून जाऊ नका. छातीवर धरलेला नेम एकीकडे कमरेला लागेल, दुसरीकडे तोंडावर. कड्याच्या आडव्या रुंदीत झाडली तर ती सरळच जाते.

खरं हत्यार कानाच्या आत आहे. अशा यानात मान झटकन वळवली की गरगरतं. मिनिटाला दोन फेऱ्या बहुतेकांना सोसतात, चारला सवय व्हायला काही दिवस जातात. यानातल्यांना ती झालेली आहे, कालच चढलेल्याला नाही. त्याला दोन्हीकडून हाका मारायला दोन माणसं पुरतात.

प्रश्न : ‘यान परत फिरव’ असं तो म्हणतो. इंधन नाही असं खोटं सांगून नायक त्याला फसवतो. पटण्यासारखं आहे? (जळगाव)

खोटं बोलायची गरजच नाही, अडचण खरं पटवण्याची आहे. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं विमान तिघांनी ताब्यात घेतलं आणि ऑस्ट्रेलियाला न्यायला सांगितलं. कॅप्टन लेउल अबाते सांगत राहिले की इंधन नैरोबीपुरतंच आहे. पण विमानातल्या मासिकात छापलं होतं की हे विमान अकरा तास उडू शकतं! अपहरणकर्त्यांनी त्या ओळीवर विश्वास ठेवला. इंधन संपलं, विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरवावं लागलं, १७५ पैकी १२५ जण गेले. अर्धवट माहिती असलेला माणूस अडाण्यापेक्षा कठीण.

यानाचं गणित तर आणखी अविश्वसनीय वाटतं. ते पृथ्वीपासून सेकंदाला ४ किलोमीटरने दूर जातंय, रिकामं वजन १०० टन, इंजिन हायड्रोजन-ऑक्सिजनचं आणि झोताचा वेग सेकंदाला ४.४ किलोमीटर. थांबायला १४८ टन इंधन लागेल. थांबून त्याच वेगाने परत यायला? दुप्पट नव्हे, सुमारे ५१६ टन. तो म्हणेल, ‘मला शिकवतोस का?’

म्हणून फसवायचंच असेल तर गणित सोडा, खिडकी वापरा. यानाचं तोंड फिरवणं आणि यान परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोटे थ्रस्टर (यान वळवणारी लहान रॉकेटं) लावून सेकंदाला अर्ध्या अंशाने फिरवलं तर सहा मिनिटांत यान उलटं होतं आणि पृथ्वी समोरच्या खिडकीत येते. जातंय मात्र पूर्वीच्याच दिशेने, कारण वेग शरीराला जाणवत नाही. तो इंजिनाचा रेटा मागेल, तोही द्या. पृथ्वीच्या दशांश गुरुत्वाइतका रेटा एक मिनिट दिला तर वेग सेकंदाला जेमतेम ५९ मीटरने कमी होतो आणि यानाच्या वजनाच्या दीड टक्क्याहून कमी इंधन जातं.

पकडलं कसं जाईल? पृथ्वी दहा लाख किलोमीटरवर असेल तर ती पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट दिसते आणि दिवसभरात पाव हिश्शाने लहान होते. खिडकीच्या काचेवर कुणी पेनाने खूण केली तर दुसऱ्या दिवशी बिंग फुटतं. पाच कोटी किलोमीटरवर ती नुसती चांदणी असते, तिथे डोळ्याला काही कळत नाही. मग उरतो रेडिओ. प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत साडेपाच मिनिटं लागतात, आणि हा वेळ रोज २.३ सेकंदांनी वाढतो. मनगटी घड्याळावर चार दिवस लिहून ठेवणाऱ्याला पुरेसा पुरावा. पृथ्वीवरच्या मंडळींनी प्रत्येक उत्तराआधी कमी-जास्त मिनिटं थांबलं पाहिजे, आणि तसं करा हे त्यांना आधी कळवायला हवं. वरचा पापण्यांचा उपाय इथे कामी येईल.

प्रश्न : दिवे बंद करून झडप घातली तर? (ठाणे)

नको. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीला ताब्यात घेतलं गेलं. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या इशाऱ्यामुळे वैमानिक कॉकपिटच्या वरच्या दारातून निसटले आणि विमान जमिनीलाच खिळलं. नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी पासपोर्ट लपवले. हे सगळं सावकाश, अपहरणकर्त्यांना न बिचकवता झालं. शेवटी वीज देणारं यंत्र बंद पडलं, दिवे गेले, आणि त्या अंधारात हल्ला झाला असं समजून त्यांनी गोळीबार सुरू केला.

प्रश्न : मग इंजिन एकदम चालू करून त्याला आपटायचं? (अमरावती)

हे झालेलं आहे, विमानात. ६ सप्टेंबर १९७० रोजी एल अल कंपनीचे कॅप्टन उरी बार-लेव यांनी विमान एकदम खाली झोकलं. उभे असलेले अपहरणकर्ते कोलमडले, पट्टे बांधलेले प्रवासी जागेवर राहिले. यानात सोपा गुणाकार करा. रेटा पृथ्वीच्या गुरुत्वाच्या किती पट आहे ते माणूस आणि मागची भिंत यांमधल्या अंतराने गुणा, तेवढ्या उंचीवरून पडल्याचा मार बसतो. दशांश रेटा आणि ६ मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून उडी. तो उठून उभा राहील. अर्धा रेटा म्हणजे ३ मीटर, इथे हाड मोडतं. तुमच्या कथेत आयन इंजिन आहे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या झोताने अगदी मंद रेटा देणारं. त्याचा रेटा दहा हजारांश धरला, तर भिंतीशी पोहोचायला त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतील. चहा पिऊन होईल.

प्रश्न : शेवटी तो जीवनरक्षक कुपीत बसून पळतो. त्याचा साथीदार ५ किलोमीटर पुढे त्याच कक्षेत थांबलाय. नायक त्याला अडवत का नाही, हे पटवायचं आहे. (न्यू जर्सी)

कारण तो पोहोचणारच नाही. पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवरची कक्षा धरू. तो साथीदाराच्या यानाकडे नाक करतो आणि सेकंदाला १ मीटरचा वेग वाढवतो. मनातला हिशेब : ५००० सेकंद, तासाभराहून थोडं जास्त. पहिली दहा मिनिटं सगळं छान, ४२० मीटर अंतर कमी होतं. पण वेग वाढला की कक्षा उंचावते आणि उंच कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो. अकराव्या मिनिटाला अंतर वाढू लागतं. घाबरून त्याने आणखी रेटा दिला तर काही वेळ बरं वाटेल, मग आणखी मागे पडेल. रेटा न वाढवता बसून राहिला तरी एका फेरीअंती तो सुरुवातीपेक्षा सुमारे १७ किलोमीटर आणखी मागे असेल. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ या अमेरिकी यानाचे जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटचा टप्पा डोळ्यांसमोर दिसत असताना त्याच्याशेजारी राहण्याचा प्रयत्न केला आणि त्यांनाही तो जमला नाही, तेव्हा तुमच्या खलनायकाला कमी लेखल्यासारखं वाटणार नाही.

बरोबर रीत उलटी आहे. साथीदाराकडे पाठ करून सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग कमी करायचा, दीड तास गप्प बसायचं आणि शेजारी पोहोचल्यावर तेवढाच वेग परत वाढवायचा. नायकाने हे त्याला रेडिओवरून प्रामाणिकपणे सांगावं. तो ऐकणार नाही.